बहाळ्याच्या पाठीवरचं तेल

करवंदवाडी, ता. अकोले
१६ डिसेंबर २०२४

डॉक्टर वैजनाथ यांस,

नुसतं 'चि. वैजनाथ' लिहिणार होते. पण परवा जनावरांच्या प्रदर्शनाच्या मंडपात तू माझा उल्लेख 'पशुपालक केशरबाई' असा केलास. सख्ख्या बहिणीचा. तेव्हा मीही मान देऊनच लिहिते. आशीर्वाद मात्र हातात राखून ठेवलाय, तो देण्यासारखा आहेस की नाही ते अजून ठरायचंय.

तुझा फोन लागत नाही. रेश्माला दोनदा लावला. पहिल्यांदा म्हणाली, "ताई, ते मीटिंगमध्ये आहेत." दुसऱ्यांदा म्हणाली, "ताई, ते झोपलेत." दुपारच्या बारा वाजता. सावेडीत जनावरांचे डॉक्टर दुपारी बाराला झोपतात ही मला नवीनच माहिती मिळाली. म्हणून पोस्टाने लिहिते आहे.

आपल्या वळूचा, बहाळ्याचा, कासरा धरून मी उभी होते तेव्हा तू माझ्याकडे बघितलं नाहीस, त्याचा मला राग आला नाही. म्हटलं, पंच आहे, आधी काम करू दे. गेल्या पोळ्याला आला नाहीस, त्याआधीच्या दिवाळीला आला नाहीस, पण आज समोर तरी आहे. आप्पा पहिल्या रांगेत खुर्चीवर बसले होते, डोक्याला नवा फेटा बांधून. त्यांना आता दिसत नाही, पण लाऊडस्पीकरवर तुझं नाव आलं की मान वर करायचे. शेजारच्या माणसाला सांगत होते, "पंच माझा पोरगा हाय."

तू बहाळ्याचा कान उलटून पाहिलास. आखूड कान, आतून काळा. "उत्तम," म्हणालास. शिंगाच्या बुडाला मुठीने धरलंस, शिंग आखूड आणि जाड. "उत्तम." कपाळाचा उंचवटा पाहिलास, गळ्याखालची पोळी हातात घेतलीस. खाली बसून खूर ठोकलास, कातळासारखा काळा आणि कडक. अंगावर काळं जास्त आणि पांढऱ्याचे शिंतोडे, म्हणून तर त्याला बहाळ्या म्हणतात. त्यालाही तू "जातिवंत" म्हणालास आणि बाजूचा माणूस ते लिहीत गेला. माझी छाती भरून आली होती, हे कबूल करते.

मग तू खिशातून पांढरा रुमाल काढलास. त्याच्या पाठीवरून, वशिंडाच्या मागून ओढलास. रुमालाला पिवळसर तेलकट डाग पडला. तो पडणारच. डांगी जातीच्या जनावराच्या कातडीतून तेल सुटतं, म्हणून तर चार महिने कोसळणाऱ्या पावसात ते भाताच्या चिखलात उभं राहतं आणि पाणी अंगावरून निथळून जातं. हे मी तुला सांगायचं का? पण तू तो रुमाल वर धरलास, सगळ्या मंडपाला दाखवलास आणि माईकमध्ये म्हणालास, "या जनावराच्या अंगाला बाहेरून तेल लावलेलं आढळलं आहे. पशुपालक केशरबाईंनी हे प्रकार करू नयेत. जनावर बाद."

लोक हसले. मी कासरा ओढून बाहेर आले. आप्पा तसेच खुर्चीवर बसून राहिले होते. त्यांना उठवायला मला परत आत जावं लागलं.

तो रुमाल रेश्मा धुवायला घेईल. तिला म्हणावं, धुण्याआधी एकदा वास घे. खोबऱ्याचा येतो की गोठ्याचा, ते मला कळव.

तू चुकलास असं मला वाटत नाही. चूक माहीत नसलेल्याकडून होते. तू खोटं बोललास. ते जसं बोललास तसंच मागे घे. निदान आप्पांसमोर तरी.

पशुपालक केशरबाई


करवंदवाडी
२९ डिसेंबर २०२४

डॉक्टरसाहेब,

उत्तर नाही. बरं.

इकडची खबर कळवते. बहाळ्याकडे गाय घेऊन यायला आता कुणी तयार नाही. वरच्या वाडीची रंगुबाई, जिने दसऱ्यालाच सांगून ठेवलं होतं की माझी पारडी... नाही, कालवड म्हणायचं होतं, बघ, रागात लिहिताना म्हशीचं नाव गाईला लागलं. ती कालवड बहाळ्याकडेच आणीन म्हणाली होती, पण माजावर आली तर आमच्या दारावरून पुढे खालच्या गावाला घेऊन गेली. मी हाक मारली तर दात काढून म्हणाली, "अगं, आमच्या कालवडीला तेलाचं अंग न्हाई सोसत. कोन्तं लावतीस गं, खोबऱ्याचं का करडईचं?"

सगळ्या वाडीला माहीत आहे की डांगी जनावर तेलकट असतं. रंगुबाईच्या स्वतःच्या बैलाच्या पाठीवर हात फिरवला तर हात साबणाने धुवावा लागतो. तरीही ती असं बोलते, कारण डॉक्टर बोलला. माईकवर बोलला. आणि तो डॉक्टर माझाच सख्खा भाऊ. भाऊ कशाला खोटं बोलेल?

अंगणवाडीत मी इतकी वर्षं पोरांची वजनं करते. परवा एक आई मला म्हणाली, "बाई, काटा नीट बघा हां." हसत म्हणाली. पण म्हणाली. उद्या मी पोराचं वजन वाढलं म्हणून सांगितलं तर म्हणतील, केशरबाईने वरून काहीतरी लावलं असेल.

हे सगळं मी गिळलं असतं. आप्पांचं नाही गिळता येत.

प्रदर्शनाहून येऊन दोन दिवस झाले. मग एका सकाळी मी चहा देताना आप्पा म्हणाले, "केशर, खरं सांग. लावलं हुतंस का?"

"न्हाई आप्पा."

"मंग त्यो का म्हनला?"

"त्यालाच इचारा."

"त्याला काय इचारायचं? त्यो ह्याच गोठ्यात वाढलाय. आपल्या जनावराचं अंग तेलकट आसतं ह्ये त्याला ठाव न्हाई व्हय? ठाव आसूनबी म्हनतो लावलंय, म्हंजी लावलंच आसंल."

कळलं का तुला? दुसऱ्या कुणी पंचाने, खालच्या मुलखातल्या कुणी हे म्हटलं असतं, तर आप्पांनी काठी उगारली असती, त्याला शिकवलं असतं, आणि घरी येऊन हसले असते. पण तू म्हणालास. तुला सगळं येतं म्हणूनच तुझं खोटं त्यांना खरं वाटलं. आप्पांनी तुला जे शिकवलं तेच तू माझ्या तोंडावर फेकलंस.

मी म्हटलं, "चला गोठ्यात. तुमच्या हातानं बघा. वास घ्या." ते उठले नाहीत. म्हणाले, "नगं. म्या हात लावला तर दोघातलं एक खोटं पडनार. मला दोन्ही लेकरं हवीत."

रोज सकाळी आंघोळीआधी गोठ्यात जाऊन बहाळ्याला कपाळापासून शेपटीपर्यंत चाचपणारा माणूस. डोळे गेल्यापासून तेच त्यांचं बघणं होतं. आता ते गोठ्याकडे फिरकत नाहीत. मी शेण काढताना ते ओट्यावरून नुसतं विचारतात, "खातोय का?"

तुला आठवतं का, थंडीत आपल्या टाचा फुटायच्या तेव्हा आप्पा काय करायचे? काळ्या गाईच्या पाठीवर तळवा घासायचे आणि तो तळवा आपल्या टाचांवर. तू ओरडायचास, "वास येतो!" आणि मग रात्री झोपेत स्वतःच पाय पुढे करायचास. त्या टाचांवर मोजे चढवून तू सावेडीच्या बंगल्यात फिरतोस. आणि म्हणतोस, केशरबाईने तेल लावलं.

आशीर्वाद अजूनही राखून.

पशुपालक केशरबाई


करवंदवाडी
१२ जानेवारी २०२५

वैजनाथ,

आज टोमणे मारायला वेळ नाही. नीट वाच.

आप्पांनी ठरवलंय, बहाळ्याला खच्ची करायचं. फेब्रुवारीतल्या पहिल्या रविवारी. चिमटावाल्या आसारामला निरोप गेलाय, तो येतो म्हणालाय. मी विचारलं, का? तर म्हणाले, "वळू म्हनून ठेवला तर गाव ह्येच उगाळत बसंल. बैल झाला, नांगराला जुपला, की इषय मिटला. मग कोन इचारतंय अंगाला काय लावलं हुतं."

त्यांच्या मनात काय आहे ते मला कळतं. त्यांना आपल्या दोघांतलं भांडण संपवायचंय, आणि त्याची किंमत तो मुका जीव भरणार. चार दात झालेला वळू. आपल्या वाडीत आता दुसरा तसा नाही. आजूबाजूला बघ, घरोघरी जर्सी आणि होल्स्टिन. त्या पहिल्या मोठ्या पावसात थरथरतात, त्यांच्या खुरांना चिखल खातो. शेवटचे म्हणता येतील असे जे दोन-चार वळू उरलेत, त्यात बहाळ्या. आणि तू स्वतः त्याला कान, शिंग, कपाळ, खूर, रंग, सगळ्यात उत्तम म्हणालास. त्या कागदावर तुझी सही आहे. एका रुमालापायी त्याचा वंश बुडवायचा?

मी आप्पांशी भांडले. मोठ्याने भांडले, शेजारी ऐकत होते. आप्पा म्हणाले, "वैजनाथानं येऊन सांगितलं की केशरनं लावलं न्हाई, तर थांबवतो. दुसऱ्या कुनाचं न्हाई ऐकायचा." माझंही नाही. मी त्यांच्या जेवणाला, औषधाला, रात्री उठून लघवीला नेण्याला आहे, पण माझ्या शब्दाला नाही.

म्हणून तुला सांगते, ये. फोनवर नको, मोबाईलवर तुझा आवाज ऐकून त्यांचं समाधान होणार नाही. नगरहून अकोल्याला बसने आलास तरी संध्याकाळपर्यंत घरी पोहोचतोस. तुझ्याकडे तर गाडी आहे.

आणि ये तेव्हा मला एक सांग. मंडपात तुला माहीत होतं ना की हा घरचा वळू आहे? मग खुर्चीवरून उठायचं होतं. "ह्यो आमच्या घरचा, मी बघत न्हाई," एवढं म्हणून बाजूला व्हायचं होतं. आपल्याकडे पंचायतीत भाऊबंदाचा विषय निघाला की म्हातारी माणसं उठून बाहेर तंबाखू खायला जातात, तेवढी रीत तुला ठाऊक नव्हती का? बाजूला झाला असतास तर दुसऱ्या पंचाने पहिला नंबर दिला असता किंवा नसता दिला, मी गुपचूप घरी आले असते.

रविवार, २ फेब्रुवारी. विसरू नकोस.

केशर


करवंदवाडी
२४ जानेवारी २०२५

वैजनाथ,

तुझा लिफाफा मिळाला. आत दुसरा बंद लिफाफा, त्यावर 'ती. आप्पांस', आणि माझ्यासाठी चिठ्ठी.

चिठ्ठी इतक्या वेळा वाचली की पाठ झाली. "ताई, माझा नाइलाज होता. मंडपात आधीपासून कुजबुज चालली होती की पंच घरचाच, निकाल ठरलेला. मी नंबर दिला असता तर माझी नोकरीत बदनामी झाली असती. आप्पांच्या पत्रात सगळं खरं लिहिलं आहे. त्यांना एकट्याला वाचून दाखव. बाहेर कुणाला नको. बहाळ्याचं मला वाईट वाटतं."

बहाळ्याचं वाईट वाटतं! माझं नाही वाटत का रे?

म्हणजे तू निष्पक्ष दिसावास म्हणून मी लबाड दिसले. हिशेब सरळ आहे. तुझी बदनामी होऊ नये म्हणून ती उचलून माझ्या अंगावर टाकलीस, आणि वर मला म्हणतोस नाइलाज होता. माझी अब्रू तुझ्या घरची होती म्हणून तुला स्वस्त वाटली. परक्या बाईला असं करायला तू घाबरला असतास. तिने तिथेच आरडाओरडा केला असता. मी बहीण, मी कासरा ओढून निघून जाणार, हे तुला ठाऊक होतं.

आणि आता हे पत्र! आंधळ्या बापाला पत्र लिहितोस? ते कोण वाचणार? मी. आणि मी वाचून दाखवलं, "आप्पा, वैजनाथ म्हणतो तेल लावलं नव्हतं," तर आप्पा काय म्हणतील? म्हणतील, केशर, तूच मनाने वाचतीयस. ज्या बाईच्या शब्दाची तू किंमत घालवलीस, तिच्याच तोंडून तू माफी मागतोस. आणि दुसऱ्या कुणाला वाचायला द्यायचं नाही, अशीही अट.

शिव्या लाऊडस्पीकरवर आणि माफी बंद लिफाफ्यात. याला तू खरेपणा म्हणतोस.

लिफाफा मी फोडलेला नाही. भिंतीतल्या देवळीत ठेवलाय. तू येऊन स्वतः वाचून दाखव. अजून रविवारला वेळ आहे.

पशुपालक केशरबाई
(हो, पुन्हा तेच. तुझ्या तोंडून दुसरं ऐकेपर्यंत तेच.)


करवंदवाडी
३ फेब्रुवारी २०२५

वैजनाथ,

तू आला नाहीस. काल सकाळपासून मी रस्त्याकडे बघत होते, हे कशाला लपवू. खालून गाडीचा आवाज आला तेव्हा मी ओट्यावरून उतरलेही. दुधाचा टेम्पो होता.

आसाराम सकाळी आला, चिमटा पिशवीत घालून. बहाळ्याला अंगणात आणून बांधलं. आपल्याकडे खच्ची करण्याआधी घरधन्याने जनावराला गूळभाकरी चारायची आणि त्याच्या पायावर हात ठेवून माफी मागायची, ही रीत तुला माहीतच आहे. ती आप्पांना करावीच लागणार होती. दुसऱ्या कुणी केली तर चालत नाही. मी हाताला धरून त्यांना ओट्यावरून खाली आणलं. प्रदर्शनानंतर पहिल्यांदा ते बहाळ्याजवळ गेले.

त्यांनी भाकरी चारली. बहाळ्याने हात चाटला. मग सवयीनेच आप्पांचा हात वर गेला. कपाळावर, शिंगाच्या बुडाला, कानात. ऊन चांगलं तापलं होतं. हात वशिंडावरून पाठीवर गेला आणि तिथेच थांबला. मग ते पाय धरायला खाली बसले, आणि बसताना आपण लहान असताना करायचे तसा तळवा स्वतःच्या टाचेवर घासला. त्यांच्या टाचा आता फार फुटतात. घासला आणि तसाच हात टाचेवर ठेवून बसून राहिले. बहाळ्याच्या पायांना हात लावलाच नाही.

 मग तळवा नाकाजवळ नेला. आसारामला म्हणाले, "वास घे."

आसाराम म्हणाला, "जनावराचा वास हाय. दुसरं काय आसंल?"

"तेलाचा न्हाई?"

"न्हाई बा."

"केशरनं आज लावलं आसंल का?"

आसारामला हसूच आलं. "आप्पा, खच्ची करायच्या दिशी कोन तेल लावतंय? काय कौतुक करायचंय का त्याचं?"

आप्पा उठले. माझ्या खांद्याला धरून उठले आणि म्हणाले, "आसाराम, च्या पिऊन जा. चिमटा घिऊन जा." मग माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "केशर, तुजं खरं हुतं. म्या तुला इचारायला नगं हुतं."

मी रडले. आनंदाने रडले असं समजू नकोस, रागाने रडले. बहाळ्या वाचला, त्याचा आनंद आहेच. पण माझ्या बापाला माझं खरं मानायला वळूची पाठ लागली. मी इतकी वर्षं त्यांच्याजवळ आहे, माझ्या तोंडाचं काहीच वजन नव्हतं? हा राग मी आप्पांनाही बोलून दाखवला. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "व्हय. माजंबी चुकलं." तू हे दोन शब्द त्यांच्याकडून शिकून घे, शिकण्यासारखे आहेत.

आज सकाळी ते नेहमीच्या वेळेला, आंघोळीआधी, काठी टेकत गोठ्यात गेले. त्यानंतर मी त्यांना देवळीतल्या लिफाफ्याचं सांगितलं. चिठ्ठीत काय आहे तेही सांगितलं. म्हटलं, "वाचून दाखवू?"

म्हणाले, "नगं. घरात वाचायचं न्हाई त्ये. कागद घे, म्या सांगतो तसं लिही."

पुढचं सगळं आप्पांचं आहे, मी एकही शब्द बदललेला नाही. या वेळी तरी विश्वास ठेव.

"वैजनाथ, तुजं पत्र न फोडता परत धाडतोय. जपून ठिव. डिसेंबरात परदर्शन भरंल तवा बहाळ्याला म्या नेनार. कासरा म्या धरनार, केशर न्हाई. तुला पंच केलं तर पंच म्हनून ये, न्हाई केलं तर आसाच ये. माईक म्या मागून देतो. आन त्याच मंडपात, त्याच लोकास्नी ह्ये पत्र वाचून दाखीव. मला दिसत न्हाई, पर ऐकू येतंय."

लिफाफा सोबत जोडलाय. तपासून घे, फोडलेला नाही.

डिसेंबरपर्यंत तरी,
पशुपालक केशरबाई